शुभांगीच्या रंगाची डबी

१२ जुलै २००४

बी.कॉम. झाल्यावर पुन्हा कधी बाकावर बसेन असं वाटलं नव्हतं. आज बसले. गंगापूर रोडवरच्या कॉलेजात ब्यूटी थेरपी आणि स्पा मॅनेजमेंटचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या मुली. मी दारात दिसले तशा दोघी चटकन उभ्या राहिल्या, मॅडम आल्या समजून. मी "बसा, बसा" म्हटलं. म्हणायला नको होतं. मी मॅडम नाही हे आधी सांगायला हवं होतं.

मग खऱ्या मॅडम आल्या. संध्या मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी लहान असतील. आज त्यांनी क्रीम-पावडरचं काहीच शिकवलं नाही, दोन नियम तेवढे लिहून घ्यायला लावले. गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि कोचवर पडलेली बाई जे बोलेल ते खोलीबाहेर न्यायचं नाही. "बाकी सगळं हाताला सवयीनं येतं, हे दोन मात्र येत नाहीत," म्हणाल्या. मला वाटलं, हे तर कुठल्याही सभ्य माणसाला कळतं.

घरी शुभांगीने फर्माईशी सुरू केल्या. "काकू, आता मला फुकटात फेशियल! डेंटिस्टकडे दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघते मी, माझेही गाल कुणीतरी बघा." शुभांगी माझ्या मोठ्या दिरांची, देवराम भाऊजींची मुलगी. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे. अकरावीला आमच्याकडे राहायला आली ती आता तेविसाव्या वर्षीही इथेच आहे. आम्हाला मूल नाही. हे वाक्य इथे का लिहिलं, माहीत नाही.

३ ऑगस्ट

मानेचा मसाज शिकले. घरी शुभांगीवर सराव केला. तिची हनुवटी धरून मान वळवली तर म्हणाली, "काकू, आधी विचारायचं असतं ना?"

"घरच्या माणसाला काय विचारायचं?"

"मग घरच्या माणसाची मान मोडली तरी चालते वाटतं."

हसलो दोघी. तिचा डावा कान मागे केला की खाली तो पांढरा डाग दिसतो. बारावीत होती तेव्हा टिकलीएवढा होता. आता कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत आलाय. बावचीचं तेल झालं, गोळ्या झाल्या, गोळी घेऊन उन्हात बसणं झालं. डॉक्टर म्हणतात हा रोग संसर्गाचा नाही, वंशाचाही असेलच असं नाही. पण लोक त्याला कोडच म्हणतात. दोन स्थळं त्यावरून परत गेली. मी तेलाचा हात तिथून जरा लवकर काढून घेतला. तिच्या लक्षात आलं असेल का?

२० सप्टेंबर

स्पा व्यवस्थापनाची चाचणी. टॉवेल किती ओले, तेल किती कोमट, गिऱ्हाईक झोपलं तर उठवायचं कसं. सगळं आलं. मुली मला "मीनाताई, काहीतरी सोडा की आमच्यासाठी" म्हणतात.

१४ ऑक्टोबर

आज डाग झाकणारा मेकअप शिकवला. भाजल्याचे व्रण, वांग, कोड, सगळ्यांसाठी. क्रीम चोळायचं नाही, बोटाच्या पेराने दाबत दाबत बसवायचं. कडा मोकळी ठेवून पातळ करत न्यायची. मग भरपूर पावडर, थोडा वेळ थांबायचं, ब्रशने जास्तीची झटकायची. पाणी पडलं तरी हलत नाही. खरी अडचण रंगाची. बाजारातला एकही रंग आपल्या माणसांच्या कातडीला नेमका बसत नाही, दोन-तीन रंग मिसळून ज्याचा त्याचा रंग करावा लागतो.

मॅडमनी सांगितलं की वार्षिक प्रात्यक्षिकाला हेच आहे. मॉडेल आपलं आपण आणायचं. शुभांगीला विचारलं. "येईन की. शब्द दिला," म्हणाली.

२ नोव्हेंबर

तीन आठवडे मिसळतेय. एक रंग पिवळट व्हायचा, एक राखेसारखा. आज जमला. गव्हाळात चिमूटभर तांबूस. एका छोट्या डबीत भरून वर चिठ्ठी लावली, 'शुभांगी'. तिच्या कानाखाली लावला आणि डाग गेला. म्हणजे गेला नाही, दिसेनासा झाला.

शुभांगी आरशात खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं आनंदेल. म्हणाली, "ही बरी आहे." जशी दुसऱ्याच कुणा मुलीबद्दल बोलत होती.

१३ नोव्हेंबर

पाडव्याला मखमलाबादला गेलो. जाऊबाईंना दाखवायला शुभांगीला रंग लावून नेलं होतं. शकुअक्का तिला ओट्यावर उजेडात घेऊन गेल्या, मान इकडून तिकडून वळवली आणि डोळ्याला पदर लावला.

"दिसतंच नाय गं मीना! कुठं गेला म्हनायचा!"

पुसलेले डोळे ओले होते तोवरच म्हणाल्या, "सटाण्याच्या लोकांना बोलवायचं का मग? पोरगा सिन्नरला कंपनीत हाय. लय चांगलं स्थळ हाय."

मी म्हटलं, "अक्का, त्यांना सांगावं लागेल."

"सांगू की. आधी बघू तर दे."

मी गप्प बसले. सणाच्या दिवशी नको, म्हणून.

२८ नोव्हेंबर

बघण्याचा कार्यक्रम झाला. सकाळी मीच शुभांगीला तयार केलं. रंग उत्तम बसला. (हे लिहिताना मला अभिमान वाटतोय, आणि त्याची लाजही वाटतेय.)

मुलगा ललित. उंच, कमी बोलणारा. वडील नाहीत. आई लंकाबाई कांद्याचा सगळा व्यवहार एकटी बघते. बरोबर मामा धोंडीराम. पोहे झाल्यावर मामा म्हणाले, "मुलीला स्वैपाकाचं विचारत नाही, आमचा भाचा मेसमध्ये जेवतो, त्याला काहीही गोड लागतं." सगळे हसले. मग भाऊजी म्हणाले, "पोरांनो, मळा बघून या."

दोघं झेंडूच्या वाफ्यांकडे, पाटाच्या बाजूला गेले. बराच वेळ आले नाहीत. अक्का आत-बाहेर करत होत्या. आले तेव्हा शुभांगीच्या कानाखालचा रंग पुसट झालेला दिसला. थंडीचे दिवस आहेत, तरी घाम आला असेल, घाबरली असेल बिचारी. मी लगेच तिचा पदर खांद्यावरून पुढे ओढला. ललितच्या हातातल्या रुमालावर मातकट डाग होता. वाफ्यात वाकून बघितलं असेल. मनात म्हटलं, मुलगा मातीतला आहे, बरं आहे.

कुणी डागाचं विचारलं नाही. कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

१ डिसेंबर

सटाण्याहून होकार आला. शकुअक्कांनी देवापुढे साखर ठेवली.

६ डिसेंबर

दिनेशशी बोलले. हे ओझरला विमानाच्या कारखान्यात रंग खात्यात आहेत. मी म्हटलं, "अहो, हे फसवणं आहे. आणि माझ्या हाताने झालंय."

"वहिनी बघतील ना. तू कशाला डोकं लावतेस?"

"तुमच्याकडे असं चालेल का?"

ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडे रंग देण्याआधी पत्रा तपासून सही करावी लागते. पण पत्र्याला सासर नसतं." आणि स्वतःच हसले.

मला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं. दिवसभर तेच डोक्यात आहे.

१९ डिसेंबर

सुपारी फुटली. ललितच्या धाकट्या बहिणीचं लग्न माघात ठरलंय, ते उरकलं की वैशाखात यांचं. लंकाबाईने शुभांगीची हनुवटी धरून मला म्हटलं, "पोर चांगली शे वं माय. चेहरा कसा दुधना मायक!" दुधासारखा, म्हणे. मी पानावरून लवकर उठले.

२४ डिसेंबर

शुभांगी हल्ली गच्चीवर जाऊन मोबाइलवर बोलते. जिन्यातून हसणं ऐकू येतं. आज खाली आली आणि भाजी निवडायला बसली.

"काकू, त्यांना मोगऱ्याच्या वासाने शिंका येतात. फुलवाल्याची मुलगी करताहेत आणि शिंकताहेत!"

मी हसले नाही. म्हटलं, "शुभा, तुझ्या मनाला काही लागत नाही का?"

ती थांबली. "काकू, तुम्ही काळजी करू नका. सगळं ठीक आहे. थोडे दिवस थांबा, मग सांगते तुम्हाला."

"थांबून काय होणार? उशीर केला की खोटं मोठं होतं."

"तसं नाही काकू. त्यांच्या बहिणीचं लग्न होऊ दे ना एकदा."

म्हणजे तीही आईच्याच वाटेने चालली आहे. एकदा लग्न होऊ दे, मग बघू. मी तिला वेगळी समजत होते. तिने आणखी काही बोलायला तोंड उघडलं होतं, पण मी तिला खरेपणाबद्दल बरंच सांगितलं. ती मेथीच्या काड्या मोडत ऐकत राहिली.

३० डिसेंबर

झोप लागत नाही. कॉलेजात आज मॅडमनी विचारलं, "मीनाताई, हात जड का पडतोय?" मी त्यांना सगळं सांगणार होते. नियम आठवला, खोलीतलं बाहेर न्यायचं नाही. मग स्वतःलाच समजावलं की शुभांगी काही माझी गिऱ्हाईक नाही.

५ जानेवारी २००५

जाऊन आले.

दिनेशना सांगितलं, कॉलेजला जाते. मी खोटं बोलले. खरं सांगायला जाताना खोटं बोलले, हे देवळ्याला गाडी थांबली तेव्हा लक्षात आलं. तेव्हा उतरून परत फिरता आलं असतं.

सटाण्यात लंकाबाई कांद्याच्या चाळीत होती. मला बघून धावत आली, पाट मांडला, भाकरी टाकते म्हणाली. मी म्हटलं, आधी ऐकून घ्या. सगळं सांगितलं. डाग कुठे आहे, केव्हापासून आहे, मी तो कसा झाकला. संसर्ग नाही हेही सांगितलं, दोनदा सांगितलं. मला वाटत होतं, मी नीट समजावलं तर ती समजून घेईल. मुलगी किती गुणी आहे तेही सांगत होते. ती ऐकत होती का, कळलं नाही. हातातला कांदा सोलत राहिली. सोलता सोलता तो इतकासा उरला.

मग म्हणाली, "तुनी पोर शे का ती?"

"पुतणी."

"मंग बरोबर शे. सोतानी पोर ऱ्हाती, ते तू सांगाले येती नही."

गाडीत बसल्यावर हलकं वाटलं. चांदवडपर्यंत झोप लागली. किती दिवसांनी.

९ जानेवारी

नकार आला. धोंडीराम मामा स्वतः मखमलाबादला येऊन सांगून गेले. ओरडले नाहीत. भाऊजींना एवढंच म्हणाले, "तुमच्या घरातल्याच बाई येऊन सांगून गेल्या, म्हणून बरं झालं." शकुअक्कांनी मला फोन केला. त्या काय बोलल्या ते लिहीत नाही. त्यांचा हक्क आहे.

शुभांगी संध्याकाळी कामावरून आली. तिला कळलेलं होतं. पर्स ठेवली, हातपाय धुतले, माझ्यासमोर बसली. मी रडायला लागले. ती रडत नव्हती.

"काकू, त्यांना माहीत होतं."

"कुणाला?"

"ललितला. पहिल्याच दिवशी. पाटावर गेलो तेव्हा मी त्यांचा रुमाल मागितला, पाण्यात भिजवला आणि पुसून दाखवलं. निघत नव्हतं, तुम्ही एवढं पक्कं बसवलं होतं. शेवटी त्यांनीच पुसायला मदत केली."

मी पदराने डोळे पुसले.

"ते म्हणाले, मला चालतं. पण बहिणीचं लग्न माघात आहे, घरात येणाऱ्या सुनेला असं आहे म्हटलं की तिचं मोडेल. तेवढं होऊ दे, मग आईला मी सांगतो. मी तुम्हाला सांगणार होते. थांबा म्हटलं होतं मी."

"मग सांगायचं ना, बाळा, स्पष्ट."

"त्यांच्या बहिणीची गोष्ट होती. आणि तुमच्या पोटात राहिलं नसतं."

"आता ललित काय म्हणतो?"

"आईने जेवण सोडलंय. तू आधीपासून फसवलंस म्हणते. आज त्यांनी फोन केला होता. बोलले नाहीत फारसं." मग म्हणाली, "काकू, तुम्ही मला एकदा तरी विचारलं का, की शुभा, मी जाऊ का?"

"मी तुझ्यासाठीच गेले गं. उद्या लग्नानंतर—"

"नाही. तुम्हाला झोप येत नव्हती म्हणून गेलात."

हे खरं नाही.

मला झोप येत नव्हती, हे खरं आहे.

१० जानेवारी

त्या रुमालावरचा डाग मातीचा नव्हता. तो रंग मीच तीन आठवडे मिसळला होता. जगात दुसऱ्या कशाचाही तो रंग नाही, आणि मी तो ओळखला नाही.

१६ जानेवारी

शुभांगी मखमलाबादला राहायला गेली. कपड्यांच्या दोन पिशव्या, तिची उशी. डबी कपाटात तशीच आहे. दिनेश माझ्याशी बोलतात, पण जपून बोलतात, जसं आजारी माणसाशी बोलावं.

२२ फेब्रुवारी

ललितच्या बहिणीचं लग्न नीट पार पडल्याचं कळलं. देवाचे आभार मानले. मग वाटलं, मी कोण मानणारी? ललितने मात्र आईचा नकार मोडला नाही.

आपल्या सगळ्या लोकांत बोभाटा झालाय. शकुअक्कांनी निरोप धाडला, "आता कुठं दाखवायची सोय ऱ्हाईली नाय. सटान्यापासून शिन्नरपतुर झालंय." मी मखमलाबादला गेले तर शुभांगी मळ्यात होती. फुलं खुडत होती. मी हाक मारली, तिने हात वर करून 'बघितलं' अशी खूण केली आणि पुढच्या वाफ्यात गेली. मी बांधावर उभी राहिले. मग आले.

मी पुनःपुन्हा विचार करते की खरं बोलण्यात चूक काय होती. तर्काने पाहिलं तर सापडत नाही.

४ एप्रिल

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली. मॉडेल नाही. मॅडम म्हणाल्या, वर्गातल्या कुणाच्या तरी मावशीच्या हातावर भाजल्याचा व्रण आहे, तिला विचारू. बरं म्हटलं.

१८ एप्रिल

ती मावशी आली नाही. मी रिकाम्या खुर्चीशेजारी साहित्य मांडून उभी होते. बाहेरगावच्या परीक्षक बाई माझ्या आधीच्या मुलीपर्यंत आल्या होत्या. तेवढ्यात शुभांगी दारातून आत आली, खुर्चीत बसली आणि केस वर बांधून घेतले. माझ्याकडे बघून नाही, आरशात बघून म्हणाली, "शब्द दिला होता."

परीक्षक जवळ येऊन उभ्या राहिल्या. परीक्षेत मॉडेलला गिऱ्हाईक समजायचं असतं, अहोजाहो करायचं असतं. इतक्या वर्षांत मी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"नमस्कार. मी मीना. तुमच्या मानेला हात लावू का?"

ती आरशातून बघत राहिली. "लावा."

"या डागाबद्दल तुमची काय इच्छा आहे?"

हे वाक्य मी पुस्तकातून पाठ केलं होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा कळलं की हे मी तिला पहिल्यांदाच विचारतेय. परीक्षक बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"रोज माझं मला लावता आलं पाहिजे," शुभांगी म्हणाली. "एकेक करून सांगत करा."

मी तसं केलं. बोट कसं ठेवायचं, किती दाबायचं, कडा कशी पातळ करायची, पावडर टाकून किती थांबायचं. अर्धं मी केलं, अर्धं तिला करायला दिलं. तिचा हात धरून तिच्याच मानेवर ठेवला, तोही विचारून. तिची बोटं फुलांच्या देठांनी हिरवी झाली होती. ती लक्ष देऊन शिकत होती. मला वाटलं, गाठ सुटतेय. मनात आशा आली. परीक्षक बाई मॅडमना म्हणाल्या, "गिऱ्हाईकाशी बोलणं बघा यांचं! असं कुणीच केलं नाही." पैकीच्या पैकी दिले बहुतेक.

बाहेर पॅसेजमध्ये मी तिला पाणी दिलं. म्हटलं, "घरी चल ना. आमटी केलीय तुझ्या आवडीची."

"नको. उद्या सिन्नरचे लोक यायचेत. तयारी आहे."

"कुठले?"

"बिजवर आहेत. मुलगी आहे पाच वर्षांची."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "त्यांना..."

"त्यांना माहीत आहे काकू. सगळ्यांनाच माहीत आहे. ते म्हणाले, चालेल, फक्त आमच्या घरात पाहुण्यांचं येणं-जाणं फार असतं, दिसायला नको. रोज झाकून ठेवलं तर त्यांची काही हरकत नाही." तिने पाण्याचा ग्लास परत दिला. "म्हणून शिकून घेतलं."

मी म्हटलं, "ललित..."

"त्याने पुसून बघितलं होतं," ती म्हणाली. मग हात पुढे केला. "डबी द्या."

मी डबी दिली. चिठ्ठीवर तिचं नाव होतं. तिने ते वाचलं, चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि डबी पर्समध्ये टाकली. फाटकापर्यंत मी बरोबर गेले. तिने रिक्षा केली. ऊन कडक होतं. तिच्या मानेवर काहीही दिसत नव्हतं.

२१ एप्रिल

सिन्नरच्या लोकांचा होकार आल्याचं दिनेशनी सांगितलं. त्यांनी माझे मार्कही विचारले. सांगितले.

आज दुपारभर बसून तोच रंग पुन्हा मिसळला, दोन डब्या भरल्या. या वेळी चिठ्ठी लावली नाही. रोज लावला तर एक डबी जेमतेम पावसाळ्यापर्यंत जाईल. संपली की तिला दुसरी लागेल.

परीक्षेत मी तिला लावायचं सगळं शिकवलं. रंग कशात काय मिसळून होतो, ते शिकवायचं राहिलं. 'राहिलं' असं वर लिहिलंय खरं, पण ते बरोबर नाही. आठवण होती. पावडर टाकून थांबलो होतो तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.